सुगरणीने बारीक कसं व्हावं

ग्वाग्वा, पांपांगा

आदरणीय कोया सेल्सो,

धाकट्या बहिणीने, निदाने, नमस्कारासाठी तुझा हात कपाळाला लावला आहे असं समज. (पत्रातून हात कपाळाला लावायचा तर वाकावं लागत नाही, एवढा तरी पत्राचा फायदा.) तब्येत कशी आहे? पायाची सूज उतरली का? लोर्ना वहिनी सांगत होती की डायलिसिसच्या खोलीत तू नर्सबायांना पत्त्यांत हरवतोस आणि तेही लबाडी करून. कोया, यंत्राला जोडलेल्या माणसाने लबाडी करू नये, पकडला गेला तर त्याला पळता येत नाही. पाणी मोजून पितोस ना? आंबे खात नाहीस ना? खात असशील तर मला सांगू नकोस, माझा आधीच जीव खालीवर होतो आहे.

मी इतक्यात मनिलाला फिरकले नाही याचा राग धरू नकोस. तुला तोंड दाखवायला मला जागा उरलेली नाही, आणि तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण मूत्रपिंडाचा विषय निघाला की तुला नेमकी कोंबड्यांना दाणे घालायची आठवण होते.

तर तुझ्यासमोरच डॉक्टर मानालिली काय म्हणाल्या ते तुला आठवत असेल. रक्त जुळतं, दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत, काळीज घोड्यासारखं. एक तुला देऊन दुसऱ्यावर मी सुखाने जगेन. अडतं ते फक्त माझ्या वजनापाशी. "निदाबाई, माल उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "पण तिथपर्यंत पोचायला आम्हाला फार खणावं लागेल." वजन उतरेपर्यंत भूल द्यायला कुणी तयार होणार नाही. उपास करायचे नाहीत, गोळ्या घ्यायच्या नाहीत, टीव्हीवरचे पट्टे बांधायचे नाहीत. बेताने खायचं, रोज चालायचं आणि मन प्रसन्न ठेवायचं. हळूहळू उतरेल, पण उतरेल. या तीन गोष्टी ऐकून मी तिथे हसले आणि घरी येऊन रडले. वाघाला कुणी पाला खायला सांगावं तसं झालं.

अरे, मी स्वयंपाकीण! लग्नं, बाप्तिस्मे, मर्तिकं, सगळ्या ग्वाग्वाची पातेली माझ्या चुलीवर. पातेल्यात चमचा न घालता मीठ कसं कळणार? सुरुवातीला मी वासावर चालवून बघितलं. त्या आठवड्यात एका बाप्तिस्म्याच्या जेवणात कारे-कारेच्या रश्श्याला मीठच नव्हतं आणि खिरीला होतं. (मुलाच्या धर्मपित्याने खीर मुकाट्याने संपवली. भला माणूस. मूल त्याच्याच वळणावर जावो.) मग मी चाखायचं काम रुफिनोकडे दिलं. माझा नवरा किती आज्ञाधारक आहे ते तू जाणतोसच. विजेच्या खांबांवर चढण्यात जन्म गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच त्याला मनाजोगती नोकरी मिळाली. न्यायाधीशासारखा डोळे मिटून चाखतो, एका चमच्यात निकाल लागत नाही म्हणतो, फेरसुनावणी घेतो. परिणाम असा झाला की माझं वजन थोडं उतरलं, पण ते लांब कुठे गेलं नाही, रुफिनोच्या पोटात मुक्कामाला गेलं. घराचं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं. आता त्याच्या विजारीची बटणं मी लावते, कारण त्याला ती दिसत नाहीत.

डॉक्टरबाईंनी भात अर्धी वाटी सांगितला होता. कोणती वाटी, ते सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस मी जत्रेतल्या वाढपाची वाटी धरली. पुढच्या तपासणीला बाईंनी आपल्या टेबलाच्या खणातून एक वाटी काढून दाखवली. कोया, तेवढ्या भांड्यात आपण चिमणीला पाणी ठेवायचो.

मग व्यायाम. वस्तीच्या बास्केटबॉलच्या मैदानावर, छपराखाली, सकाळी बायकांचा झुंबा चालतो. शिकवायला सार्जंट पोली, निवृत्त पोलीस. शिट्टी अजून गळ्यात. मी मागच्या रांगेत उभी राहिले, म्हणजे कुणाला दिसणार नाही (हा माझा भाबडेपणा). गाणं सुरू झालं. सगळ्या उजवीकडे वळल्या, मी डावीकडे. आणि डावीकडे वस्तीच्या कप्तानाची, म्हणजे सरपंचाचीच म्हण, बायको मिनांग होती. ती ध्वनिक्षेपकावर गेली, ध्वनिक्षेपक सार्जंटवर गेला. कुणाला लागलं नाही, पण सार्जंटने अशी शिट्टी फुंकली की शेजारच्या शाळेची मुलं रांगेत उभी राहिली. मिनांग मोठ्या मनाची, तिने मला माफ केलं आणि माफीची खूण म्हणून मैदानाच्या दारातल्या गाडीवर पेज खायला नेलं. आल्याची, वर तळलेला लसूण, आत गाईच्या पोटाचं मांस आणि अंडं. तेव्हा मला कळलं की झुंब्याच्या सगळ्याच बाया रोज तिथे जातात आणि दोन वर्षांत त्यांतली एकही बारीक झालेली नाही. नाचाचा खरा फायदा गाडीवाल्यालाच होतो. त्याने घरावर दुसरा मजला चढवला.

म्हणून मी एकटीने चालायचं ठरवलं. नदीच्या मोठ्या बांधावरून, सकाळच्या उन्हात. यात काही चुकू शकेल असं तुला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं. पण पांपांगात धडधाकट बाई पायी चालत नाही हे मी विसरले. पहिल्या दिवशी प्रत्येक ट्रायसिकल रिक्षा थांबली. बस, निदा, फुकट सोडतो. दुसऱ्या दिवशी नुसत्याच हळू झाल्या. तिसऱ्या दिवशी मुद्दाम लांबून निघून गेल्या, आणि मी समजले की बातमी पसरली: निदाचा धंदा बुडाला, ट्रायसिकलला पैसे नाहीत. मूत्रपिंडाचं कुणाला सांगायचं नाही असं तू बजावलं होतंस, त्यामुळे मी ताकास तूर लागू दिली नाही. मग ज्यांच्या घरी मी आयुष्यभर जेवणं पोचवली त्यांनी माझ्याकडे जेवणं पोचवायला सुरुवात केली. कुणी डुकराच्या गोड मांसाचा तोसिनो आणला, कुणी अंड्यादुधाचा अख्खा लेचे फ्लान. दार उघडलं की समोर झाकलेलं ताट आणि त्यामागे कीव करणारा चेहरा. परत पाठवावं तर अपमान, खावं तर वजनाचा काटा. (रुफिनोने मार्ग काढला. कोणता, ते वर आलंच आहे.)

वाईट याचं वाटलं की थोडंफार वजन खरंच उतरू लागलं तेव्हा कामं गळायला लागली. सुनगांच्या मुलीचं लग्न माझ्याकडे ठरलं होतं. नवरीची आई येऊन बसली, माझ्या गालांकडे बघत राहिली, आणि मायेने म्हणाली, "आधी तब्येतीला जप, निदा. लग्नाचं आम्ही बघू दुसरीकडे." मी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. तिने माझा हात थोपटला. तिच्या डोळ्यांत मी महिनाभराची सोबती होते. आणि तिचंही चूक नाही, कोया. बारीक स्वयंपाकिणीवर मीसुद्धा विश्वास ठेवणार नाही; स्वतःचं रांधलेलं जिला खाववत नाही तिचं दुसऱ्याने का खावं?

राहिलं मन प्रसन्न ठेवणं. त्यासाठी दवाखान्यात एक वेगळी बाई बसते, अगदी गोड आवाजाची. तिने सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला चांगलं बोलायचं. मी उभी राहिले. म्हटलं, तू हलकी आहेस, तू पिसासारखी आहेस. रुफिनो बाहेरून विचारतो, कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, मग पीस कुणाला म्हणतेस? आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या आवाजात संशय मी पहिल्यांदा ऐकला. दिवसभर मन अतिशय प्रसन्न होतं. दुसऱ्या दिवशी त्याच आरशात मी आडवी मावले नाही, आणि प्रसन्नता तिथेच आटोपली.

आणि मग संत इसिद्रोची जत्रा आली. त्या दिवशी आपल्याकडे घराला दार नसतं, येईल तो जेवून जातो, आणि जो जेवत नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मी पहाटेपासून रांधत होते. ब्रिंघे केला होता, नारळाच्या दुधातला चिकट भात, आईच्या हातचा व्हायचा तसाच, तळाशी खरपूस पापडी धरलेला. पाहुणे गेले, रुफिनो सुस्तावून झोपला, आणि पातेल्याच्या तळाला ती पापडी उरली. तू आणि मी तिच्यासाठी भांडायचो ती. मी उलथनं घेतलं आणि खरवडून खाल्ली. मग पातेल्यातलं उरलंसुरलं. मग डुकराची कुरकुरीत कातडी. मग काय खाल्लं ते मला ठाऊक नाही, रडत होते. माझ्या एका पोटापायी माझा भाऊ त्या यंत्राला बांधलेला आहे आणि मी उभ्याने पातेलं चाटते आहे, हे दिसत होतं, तरी हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मानालिलींपुढे जाऊन मी सांगितलं की माझं नाव काढून टाका, हे माझ्याच्याने होणार नाही. वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, ब्रिंघे चांगला झाला होता का? मी म्हटलं, आईसारखा. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "काल जत्रा होती. आज नाही. आज अर्धी वाटी खा आणि चालायला जा. कालची भरपाई करायची नाही."

आता सांग, अशा बाईपुढे माणसाने हताश तरी कसं व्हावं? पण मी झाले. घरी आले, बूट काढून कपाटावर फेकले आणि बसले. खाण्याचा बेत जमला नाही, नाचाचा बोजवारा उडाला, चालण्याने अब्रू गेली, मनाची प्रसन्नता एक दिवस टिकली. अशी आहे तुझी बहीण. तिच्याकडून तू काय आशा धरणार?

वहिनीला माझी आठवण सांग. कोंबड्यांना सांभाळ. पाणी मोजून पी.

तुझीच,
निदा

ता. क. रुफिनो नमस्कार सांगतो. डॉक्टरबाईंनी आता त्यालाही चालायला सांगितलं आहे. तो रोज माझ्याबरोबर बांधावर येतो. ट्रायसिकलमध्ये बसून, माझ्या वेगाने.

ता. क. २. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण ते जत्रेपर्यंतचं आहे. जत्रा मे महिन्यात झाली, आणि आता नाताळचे कंदील लागायला लागले. मधले महिने मी पत्रात घातले नाहीत, कारण त्यांत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. दुसऱ्या सकाळी कपाटावरचे बूट काढले आणि चालायला गेले. चिमणीच्या वाटीने भात खाल्ला. पुन्हा चालायला गेले. पुन्हा तीच वाटी. मन काही प्रसन्न नव्हतं, पण चिडक्या मनानेही चालता येतं हे मला कळलं. एखाद्या रविवारी पापडी खाल्ली, सोमवारी नाही. याची गंमत काय लिहायची? परवा बाईंच्या काट्यावर उभी राहिले तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली. तुझ्याकडे यायची थांबले होते ती याचसाठी. तू मला पाहिलं असतंस तर तुला आधीच कळलं असतं.

ता. क. ३. आणि कळलं असतं तर तू पळ काढला असतास. लोर्ना वहिनीने मला सगळं सांगितलं आहे, तिच्यावर चिडू नकोस. डॉक्टरांसमोर "निदा बारीक झाली तर घेईन" असं तू एवढ्या चटकन का म्हणालास, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. घरी गेल्यावर म्हणालास म्हणे, निदा आणि बारीक? तोवर मी शंभरी गाठीन, तिच्या अंगाला सुरी लागायची भीती नाही. माझी भूक ओळखून तू मला शब्द दिलास, कोया. ज्वालामुखीच्या राखेचा, लहारचा चिखल आपल्या घरात शिरला तेव्हा तू तुझी खाट, तुझं रोजीरोटीचं यंत्र, सगळं तिथे सोडलंस आणि माझी मोठी कढई डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या चिखलातून निघालास. तेव्हा मी "नको, तुझी मान मोडेल" म्हणाले होते का? घेतली की नाही मुकाट्याने? तीच कढई आजवर मला पोसते आहे. भावाने दिलं, बहिणीने घेतलं, विषय संपला. आता पाळी बदलली, एवढंच.

मंगळवारी पहिल्या बसने निघते. दार तू स्वतः उघड, वहिनीला पुढे करू नकोस. मला बघून "अगं, किती वाळलीस" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. त्याच्या पुढचं वाक्य "नको" हे नसावं.