दिवा वेगळ्या वायरीवर

नागापूर, अहमदनगर
फेब्रुवारी १९७३

प्रिय कडूआत्या,

हे पत्र गोरक्षदादा वाचून दाखवत असणार, म्हणून आधी त्यालाच सांगते. दादा, लांबलंय म्हणून मधलं गाळू नकोस, आणि तुझी आई चिडली तरी थांबू नकोस.

आत्या, तू माझ्यावर रागावली आहेस, माहितीये. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ती गाडी तुझ्या वस्तीवर मीच आणवली. तुझी विहीर आटलेली, मोटार बंद, म्हणून मोटारीच्याच लाइनीवर गाडी जोडली. यंदा पाऊसच नाही, नुसती धूळ. खिडक्या उघड्या ठेवल्या तर डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नाहीत, आणि बंद केल्या तर एसीशिवाय आत भट्टी. पहिला नंबर तुझा. तू पायरीवर पाय ठेवलास, मी एसीचं बटण दाबलं आणि खटकन सगळंच बंद! पंखा, दिवा, सगळं. आतून डॉक्टर ओरडले, ब्रेकर पडला म्हणून. तू तिथूनच मागे फिरलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "जे आपल्याआपन पडतंय, त्याच्या भरवशावर मी डोळं द्यायचं व्हय गं?" वर रांगेतली लंकाबाई म्हणाली, "इंग्लिश शाळंत बटन दाबाया शिकवलं न्हाई वाटतं." सगळ्या हसल्या आणि तुझ्यामागोमाग उठून गेल्या.

मला त्या रात्री रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण सकाळी गाडी दुरुस्तीला आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा मी पान्हे घेऊन आतच घुसले. आमचे फोरमन आबासाहेब म्हणाले, "बाई, आत्याला चहा पाजा, वायरी सोलून काय व्हनार?" म्हटलं, आधी पॅनेल उघडते.

बिघाड काहीच नव्हता, आत्या! तुझी मोटार चालू करताना वस्तीवरचा बल्ब कसा मिणमिणतो? एसीचंही तसंच. सुरू होताना तो भरमसाट करंट ओढतो. त्यात त्या दिवशी लाइन कमजोर, आणि एसी, पंखा, दिवा, सुया उकळायचं भांडं, सगळं एकाच ब्रेकरवर. तो पडणारच. जास्त करंट ओढला गेला की पडून वीज तोडणं हेच त्याचं काम. आणि तुझ्या पेटीतला फ्यूज का उडाला नाही, सांगू? तिथे फ्यूजची तारच नव्हती. कुंपणाच्या तारेचा तुकडा होता. सारखी कटकट नको म्हणून तूच बांधलेला. मागे मोटार जळाली तेव्हाही तोच होता ना? गाडीत कुणी तसली तार घातली असती तर आतली वायर तापून पेटली असती, आणि शेजारीच स्पिरिटच्या बाटल्या होत्या. ब्रेकर पडला म्हणून तू रागावून का होईना, धडपणे घरी गेलीस.

पण एका गोष्टीत तुझंच बरोबर होतं. डोळा उघडलेला असताना दिवा जाऊन कसं चालेल? म्हणून मी सगळी जोडणी बदलली. एसीला स्वतःची वायर, स्वतःचा ब्रेकर. भांड्याला आणि पंख्याला दुसरा. आणि ऑपरेशनचा दिवा लाइनीवरून काढूनच टाकला, ट्रकच्या बॅटरीवर घेतला. आबासाहेबांनी काल मुद्दाम लाइनचा दाब कमी करून सगळं एकदम चालू केलं. एसीचा ब्रेकर पडला, दिवा ढिम्म हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग म्हणाले, "आता माझी आई न्यायला हरकत न्हाई."

गाडी सोमवारी राहुरीला येतेय, तिथून ती दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. ऑपरेशन करून घेच, असं सांगायला हे पत्र नाही. मला तुझ्याकडून गाडी तपासून हवी आहे. तू ये आणि दारात उभी राहा. आत टेबलावर, दिव्याखाली मी झोपते. तुझा हात आबासाहेब एसीच्या ब्रेकरवर ठेवतील, तो तू स्वतः पाड. दिवा जळतोय की विझला, एवढं तुला अजून दिसतं. संध्याकाळी कंदील लावला की तू तोंड तिकडे वळवतेस, मी पाहिलंय. विझला तर तुला घरी सोडते आणि पुन्हा डोळ्यांचं नाव काढत नाही. पण जळत राहिला, तर टेबलावरून मी उठणार आणि तू आडवी व्हायचंस.

तुझीच, आणि हट्टाला तुझ्यावरच गेलेली,
शालन