आनंदराज आणि इतर सेहेचाळीस

चाकूर,
रविवार

प्रिय मास्तर शिवशंकर यास,

सप्रेम जयभीम, आणि तुमच्या लिंगायत घरच्या रीतीनं 'शरणु शरणार्थी'. शीलावहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं. इकडे आम्ही सर्व खुशाल असून माझी प्रकृती उत्तम आहे. अक्षर जरा उताराला लागलंय, ते टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे. कागदावर लिहितोय, कारण तू मला फेसबुकवरून काढलंस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस आणि फोन उचलत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. (पाकीट न फोडता परत करता येतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पाठवणारी म्हणून तुझ्या उज्वलावहिनीचं नाव घातलंय. तिचं पत्र तू परत करणार नाहीस.)

आता मूळ विषय. तू निवडणुकीवर लिहिलं होतंस, की उमेदवारांनी मोबाइलवर भाषणं टाकण्यापेक्षा एकदा गल्लीतून पायी फिरावं. बरोबरच लिहिलंस. त्यावर स्वतःच्या जागी पोपटाचा फोटो लावून बसलेल्या कुणा माणसानं उलटी पोस्ट टाकली. वर तुझा सत्काराच्या शालीतला फोटो, आणि खाली मजकूर, की हा मास्तर विकला गेलाय, याचं मत विचारू नका, याला कडबा टाका. त्या पोस्टवर पहिला अंगठा माझा. मास्तर, एकतीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक लिपिक होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नोंद घ्यायची, पुढे सरकवायचा. आत काय लिहिलंय ते साहेब बघणार. शिक्का म्हणजे कागद पोचला, पटला नव्हे. माझ्याविरुद्धची तक्रारसुद्धा मी स्वतःच्या हातानं शिक्का मारून साहेबांच्या टेबलावर ठेवलेली आहे (साल सत्त्याण्णव, पंख्याची बाब). तीच सवय फेसबुकवर नेली. समोर येईल त्याला अंगठा. या पक्षाला, त्या पक्षाला, म्हशीच्या औषधाला, यंत्रानं काढलेल्या सहा बोटांच्या पुढाऱ्याला. तुझा फोटो आला, शाल दिसली, म्हटलं कौतुकच असणार, मारला शिक्का. मग आणखी लोक जमले. आणि फेसबुकची रीत अशी, की ओळखीच्या माणसाचं नाव पुढे लावायचं. त्यामुळे तुझ्या फोनवर दिसलं, 'आनंदराज आणि इतर सेहेचाळीस'. ज्याच्यासोबत उदगीरच्या होस्टेलात एका ताटात जेवलो, ज्यानं माझा नोकरीचा अर्ज आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिला, त्याच्या दारात मी सेहेचाळीस जणांचा म्होरक्या होऊन उभा.

तू फोन करून एवढंच म्हणालास, 'म्हंजी तू बी त्यातलाच हाय.' आणि ठेवलास. मी अंगठा काढायला गेलो. बोट जरा जास्त टेकलं आणि अंगठ्याच्या जागी पिवळं हसरं तोंड आलं. आता मी तुला हसतोय असं झालं. घाबरून दिपालीला फोन लावला (माझी लेक आता विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते, तुला पेढे पोचले होते). तिनं सगळा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाली, 'बाबा, आता कशालाच हात लावू नका, मी संध्याकाळी बघते.' संध्याकाळ व्हायला पाच तास होते. तेवढ्या वेळात मी फोनला तोंडी सांगून एक खुलासा टाकला, 'उपरोक्त विषयी सविनय सादर, की सदर अंगठा ही केवळ पोच समजण्यात यावी.' पोपटवाल्यानं खाली उत्तर दिलं (हेही नंतर दिपालीनंच वाचून दाखवलं), 'आभारी हाय काका, आपला मानूस.' त्या उत्तरालाही सवयीनं माझा अंगठा गेला. मग तू ब्लॉक केलंस. तुझ्या जागी मी असतो तर इतका वेळही थांबलो नसतो.

बावीस दिवस झाले. रोज सकाळी पाच चाळीसला तुझं 'शुभ सकाळ' यायचं, झेंडूची फुलं आणि सुविचार. मी वैतागायचो, उज्वलाला म्हणायचो, या मास्तरला झोप येत नाही आणि दुसऱ्यालाही येऊ देत नाही. आता पाच चाळीसला आपोआप जाग येते आणि फोन उशाशी गप्प पडलेला असतो. बरं वाटत नाही, मास्तर. काल भाकरी थापता थापता उज्वला म्हणाली, 'तुमच्या मायनं लोकाच्या रानात खुरपून तुम्हाला शाळेत घातलं, लेकराला कुठं अंगठा लावायची पाळी येऊ नये म्हणून. अन् तुम्ही दिवसभर अंगठेच लावून राहिले, ते बी न वाचता.' माय शेवटपर्यंत माझी सही आल्यागेल्याला दाखवायची.

तर चूक झाली. पोपटानं केली ती त्याची, पण माझी मोठी, कारण तू मला ओळखतोस. माफ कर. वहिनींना सांग, शेंगदाण्याची चटणी संपली आहे (हे मागणं नव्हे, नुसती माहिती).

तुझा,
आनंदराज
(इतर कोणी नाही)

ता. क. येता सोडून त्यापुढच्या मंगळवारी उदगीरला डोळ्यांच्या दवाखान्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. फॉर्मवर सोबतच्या माणसाची सही लागते. दिपालीच्या कॉलेजात परीक्षा चालू आहेत, आणि उज्वलाला मी नुसती तपासणी आहे असं सांगितलंय. तुझं नाव लिहून दिलंय. 'नातं' या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. तिथल्या बाईंनी दोघांची आडनावं वाचून माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. दवाखान्याचा फोन आला तर त्यांना ब्लॉक करू नकोस.

ता. क. दुसरा. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. शिक्क्याच्या सवयीचं सांगितलं ते खरं, पण अर्धं. शालीतला तू दिसलास, खालची अक्षरं दिसलीच नाहीत. वर्ष झालं, दिसत नाहीत. मायनं एवढं शिकवलं आणि आता वाचता येत नाही, हे सांगायची लाज वाटते रे. उज्वला बोलली तेव्हाही तिला हे सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

ता. क. तिसरा. पत्र मिळाल्याची पोच दे. त्यासाठी आधी मला ब्लॉकमधून सोडवावं लागेल. मोठं काही लिहू नकोस, नुसता अंगठा टाक. तेवढा मला दिसतो.