वारा सरेपर्यंत

सोमवार, १२ मार्च १९५६

विमलचं पोट फाडायचं! आतड्याला पीळ पडलाय म्हणतात. सूनबाई तीन दिवस ओकत होती आणि मी शहाणा ओव्याचा अर्क पाजत बसलो. थेरगावहून बैलगाडीत घालून चिंचवडला आणली तेव्हा डोळे पांढरे केले होते पोरीनं. मुलगा ज्योतीराम तिकडे कोयनेला, धरणाच्या कामावर. त्याला तार केली.

छातीत कफ भरलाय, क्लोरोफॉर्म देता येत नाही. डॉक्टर दौलतराव पोटालाच सुया टोचून तेवढा भाग बधिर करणार. म्हणजे ती जागीच राहणार! "घाबरू नका गुरुजी. दुखलं तर ती सांगेल, आणखी सुई देऊ." मी दाराशी उभा राहणार. हलणार नाही.

सोमवार, संध्याकाळ

झालं. पावणेदोन तास. हातभर आतडं काळं पडलेलं, कापून टाकलं. आतून हूं नाही की चूं नाही! दाराला कान लावून होतो मी. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना शिस्त लावली, पण अशी शिस्त पाहिली नाही. व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलंसुद्धा — "माझी सून आहे ती!"

मंगळवार, १३ मार्च

आता वारा सरायला हवा. सरला की आतडं चालू झालं. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. हाताला सलाइन, ओठांना ओला कापूस. मी खाटेशी स्टूल टाकलं आहे. रात्रीही खाटेखाली चटईवरच पडतो.

बुधवार, १४ मार्च

डॉक्टर सकाळी विचारतात, "वारा सरला का?" ती पदर कपाळावर ओढते आणि मान हलवते. नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. नाही.

गुरुवार, १५ मार्च

पोट फुगलंय. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, म्हणाले, "आवाज तर येतोय." मग वारा अडलाय कुठे? मागून रबरी नळी घालायला गेले तर हिनं पाय असे आवळून घेतले की चौघांना आवरेना. मी पडद्यापलीकडेच होतो. "विमल, डॉक्टर सांगतात तसं कर!" असा ओरडलो. आणखीच आवळले.

आया शालनबाई म्हणाली, "गुरुजी, वाईच भाईर बसा की." तिला असं झापलं! माझी लेकीसारखी सून इथं मरायला टेकली आणि मी बाहेर हवा खाऊ?

साठी उलटलेलं माझं आतडं दणकट, आणि बावीस वर्षांच्या पोरीचं सडतं. काय न्याय आहे हा!

शुक्रवार, १६ मार्च

नाही.

शनिवार, १७ मार्च

उद्या दहा वाजता पोट पुन्हा उघडणार. डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "दुसऱ्यांदा ती कितपत सोसेल, सांगता येत नाही." ज्योतीरामाची उलट तार आली — बुधवारी पोचतो. बुधवारी! त्याला मी काय दाखवू?

दुपारी शालनबाईनं मला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. माझ्या दंडाला! म्हणाली, "शिव्या द्या, पन ऐका. ती वारा दाबून धरतीया. मला म्हनली, मामंजी हितंच बसल्यात, कसं सोडू? मरन आलं तरी चालंल."

मी तिला खोटारडी म्हणालो. मग आठवत गेलं. पाच वर्षांत ही पोर माझ्यासमोर कधी खाटेवर बसलेली नाही. जेवताना ठसका लागला तरी उठून परसात जाते. आणि मी गावभर सांगत फिरतो, आमच्या घरात मर्यादा आहे म्हणून! सहा दिवस तिच्या उशाशी बसलो, ती माया नव्हती का? माया होती. पण पोरीच्या जिवावर उठली होती.

आत गेलो. कसं सांगू, सासऱ्यानं? नुसतं म्हणालो, "विमल, मी नदीच्या घाटावर जातो. हाक मारल्याशिवाय येणार नाही." चटई, स्टूल सगळं उचलून बाहेर नेलं.

आता घाटावर बसून लिहितो आहे. उशीर झाला असला तर?

रविवार, १८ मार्च

साडेसातला शालनबाई घाटाच्या पायऱ्यांवरूनच ओरडत आली. "सरला वो गुरुजी! पहाटंपासनं तीनदा सरला!" धुणं धुणाऱ्या बायका बघत राहिल्या. मी तिथंच खाली बसून रडलो. ऑपरेशन रद्द! पोटही मऊ पडलंय. डॉक्टरांनी चमचाभर पाणी दिलं.

सोमवार, १९ मार्च

तिनंच बोलावलं म्हणून आत गेलो. पहिल्यांदाच पदर सावरायला तिचा हात वर गेला नाही. मी म्हणालो, "पोरी, यापुढे माझ्यापासून काही लपवू नकोस." ती म्हणाली, "मामंजी, टाकं घालताना बधिरपना पार उतरला व्हता. समदं कळत व्हतं. तुमी दाराशी उभं व्हता, म्हनून पदर चावला."