जवायाची फटफटी अन् माझं लिंबू

अन् वरून तुमी म्हनता, आशाबाईच्या अंगनात गाडी उभी हाय तं तिचं काय खाऊन राह्यली. सिंधूताई, गाडी काही खात नाई हे खरं हाय, पन मले खाऊन राह्यली. धोंड्याच्या महिन्यात तुमचा शिवम, म्हंजे माझा जवाई, 'मामी, आठ दिवस राहू द्या' म्हनून फटफटी लावून गेला. पोळा होऊन गेला, महालक्ष्म्या तोंडावर आल्या, अन् ती आपली तिथंच, अंगनात बसलेल्या पाहुन्यासारखी. पाहुन्याले निदान जा तं म्हनता येते.

नमस्कार लिवायचा राह्यला तो आता घ्या. वरवट बकालहून आशाबाईचा, बीबी गावच्या इहीनबाईले हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायेत, इवाईबुवाचा खोकला कसा हाय ते कळवा. (मी सांगतलेला काढा घेतला नसन तं कळवू नका.) हे मी फोनवरच इचारलं असतं, पन गाडीचं नाव काढलं का तुमचा आवाज तुटते. म्हनून कागद घेतला. मी चौथीपर्यंत गेली अन् तिथंच थांबली, तवा अक्षर लागलं नाई तं धाकट्या प्रेमकडून वाचून घ्या. नाई, त्याच्याकडून नको. काऊन नको ते खाली येईन.

धोंड्याले आमी बलावलं, रीत हाय म्हनून. तेहतीस अनारसे केले, जवायाले चांदीचा दिवा देला, तुमाले साडी पाठवली (रंग पटला नाई हे पूनमनं सांगतलं, पटवून घ्या). पोरगी-जवाई फटफटीवर आले. ताटावरून उठत नाई तं पुन्याच्या कंपनीचा फोन आला, उद्याच हजर व्हा. दोघं शेगावहून ट्रॅव्हल्सनं गेले अन् गाडी आमच्या गळ्यात. मी म्हनलं, बापा, बीबीले तुझ्या घरी काऊन नाई ठेवत. तं म्हने, घरी प्रेम चाबी शोधून हाकलते. म्हंजे घरच्याच चोराले भेऊन गाडी आमच्याकडं ठेवली. (चोर हा शब्द माझा हाय, शिवमचा नाई.)

आता गाडी गेली तं काय होईन हे तुमी बी जानता अन् मी बी जानतो. चोरट्यानं नेली असं कोनी म्हननार नाई. सासूच्या दारातून गेली म्हनतीन, अन् माझ्या पूनमले ते जलमभर आयकावं लागन. तुमी बोलनार नाई, तुमचा सभाव मले माहीत हाय. तुमी नुसता पदर तोंडाले लावान. ते बोलन्यापेक्षा बेकार. अन् तुमचा लेक रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवते, ते बी माझ्यासाठी नाई. 'मामी, जरा गाडीकडं फिरवा. सीट पुसली का. पुढचं चाक दाखवा.' पूनम मांगं उभी राहून काहीतरी सांगत असते, तोपर्यंत मी चाकाजवळ वाकलेली. माझ्या पोरीपेक्षा त्याच्या चाकाचं दर्शन मले जास्त घडते.

तशात संग्रामपुरात लोकायच्या अंगनातून गाड्या गेल्या असं आयकू आलं. तुमच्या इवाईनं, म्हंजे आमच्या यायनं, (मी त्यायचं नाव घेत नाई, तुमाले माहीत हाय) लगेच म्हशीची साखळी काढली अन् फटफटी निंबाले बांधली. गाडी बांधली गेली, म्हैस मोकळी झाली. तिनं शेजारच्या तानुबाईचा वालाचा मांडव खाल्ला, अन् तानुबाईनं आमचे पूर्वज काढले. मंग हे बाजारातून चोरघंटी घेऊन आले. हात लागला का बोंबलते म्हने. हात लागून बोंबलली तं ठीक, ते कोंबडी बसली तरी बोंबलते, वारा आला तरी बोंबलते, हे खाकरले तरी बोंबलते. म्हशीनं दूध चोरलं. शेवटी यायनंच पक्कड घेऊन वायर तोडली, अन् शिवमले सांगतलं, घंटी मस्त चालू हाय.

तवा मले लिंबाचं सुचलं. गावाच्या तिराह्यावर कोनी उतारा टाकला का, आमचे हे, जे सरपंचाले भेत नाईत का सापाले भेत नाईत, ते चिखलात उतरून दुरून जातात. मी म्हनलं, यायच्यासारखा मानूस लिंबाले भेते तं चोर कोन लागून गेला. घरचंच लिंबू कापलं, कुकू भरलं, कनकेची बाहुली केली, काळा बिब्बा ठेवला, अन् पत्रावळ पुढच्या चाकासमोर मांडली. गाडीभोवती कुकवाचं गोल रिंगन ओढलं (शिवमले चाक दाखवताना लिंबू फोनात येऊ देत नाई). ना मंतर ना तंतर. तोंडानं एवढंच म्हनली, का हात लावनाऱ्याचे हात झडो.

गुन आला, इहीनबाई. इतका आला का अंगनात कुत्रं फिरकेना. ताकाले येनाऱ्या बाया बंद झाल्या. तानुबाई, जी रोज माझ्या चुलीपर्यंत यायची, ते रस्त्यावरून इचारून राह्यली, 'काहो आशा, पोरीकडं सगळं बरं हाय ना.' मंग कळलं, गावभर झालं हाय का फटफटी बीबीहून करनी घेऊन आली. मी हो म्हनलं नाई. नाई बी म्हनलं नाई. म्हनलं, पोरीच्या सासरचं आपन काऊन बोलाव.

पन पोळ्याच्या दिवशी हद्द झाली. दरसाली तोरनाखालून बैल सुटले का गल्लीतल्या गोकुळची बैलजोडी पहिले माझ्या दारात येते, हे तुमाले सांगाची गरज नाई, एका साली तुमीच होत्या. मी नवं लुगडं नेसून, ओवाळनीचं ताट अन् बैलायच्या पुरनपोळ्या घेऊन उभी. गोकुळ फाटकाजवळ आला, गाडीकडं पाह्यलं, अन् कासरा ओढला.

'काकू, राहू द्या. मुके जनावर हायेत.'

मी म्हनलं, 'अबे ते खोटं हाय. मीच मांडलं.'

'खोटं हाय तं उचला ना मंग.'

मागं चार जोड्या थांबल्या होत्या, अर्धं गाव पाहून राह्यलं होतं. मी ताट ओट्यावर ठेवलं. रिंगनाजवळ गेली. लिंबू माझ्या झाडाचं, कुकू माझ्या करंड्यातलं, बाहुली माझ्या परातीतली. हात पुढं केला अन् तो मधातच राह्यला. खरं सांगतो सिंधूताई, गेलाच नाई पुढं. आपनच म्हनलेलं आठवलं, हात झडो म्हनून. गोकुळनं बैल वळवले. बैलायच्या पोळ्या तीन दिवस यायनं खाल्ल्या.

यायले म्हनलं तुमी उचला, तं म्हनाले, ज्यानं मांडलं त्यानं. तानुबाई तं दारच लावून बसली. मंग कडूबा भगताले बलावलं. तो फाटकाच्या बाहीरच उभा राह्यला, चहा बी तिथंच पेला, अन् सांगून गेला का वस्तू ज्याची, त्याच्या मायनंच उतारा उचलावा, म्हंजे कोनाले काही होत नाई.

तवा मी काही आयकनार नाई. महालक्ष्म्या बसाच्या आत मानूस पाठवा अन् गाडी घेऊन जा. माझ्या महालक्ष्म्यायच्या जेवनाले सवाशीन आली नाई तं ते पाप मी बीबीच्या पत्त्यावर लिवीन. पूनमले यातलं सांगू नका, ते जीवाले लावून घेते. इवाईबुवाले नमस्कार, प्रेमले आशीर्वाद (दुरून).

तुमची,
आशाबाई

ता.क. मानूस पाठवा लिवलं, पन तुमीच या. माय तुमी हा. गुडघ्याचं सांगू नका, वाकाले एकदाच लागते. डाव्या हातानं पत्रावळ उचलाची, नाल्यात टाकाची, मांगं पाहाचं नाई. मंग गरम पान्यानं आंघोळ अन् पुरनाचं जेवन माझ्याकडं.

दुसरं ता.क. वर लिवलं नाई, कारन लिवाची लाज वाटली. चोर येऊन गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आमी वावरात होतो. तुमच्या पोराच्या गाडीले त्यानं बोट लावलं नाई. रिंगनाच्या बाहीर हातभर अंतरावर यायची जुनी मोपेड उभी होती, ते घेऊन गेला. पावलं दिसतात ना मातीत. कुकवाच्या रेघेले वळसा घालून गेला, कुठं पाय पडू देला नाई मेल्यानं, इतका देवभोळा. मोपेडले लिंबू लावाचं मले सुचलं नाई. आपल्या वस्तूची एवढी काळजी कोन करते.

तिसरं ता.क. तवापासून हे दुधाची कॅन खांद्यावर घेऊन संग्रामपूरले पायी जातात. एवढ्यात दोनदा दूध नासलं, अन् काल येताना वाटेत बसून राह्यले, गोकुळनं आनून सोडलं. लेकीच्या घरचं पानी पेऊ नये म्हनतात, अन् मी आजवर तुमच्याकडं सुपारी मांगतली नाई. पन गाडीची दुसरी चाबी तुमच्या डब्यात हाय हे पूनमनं मले सांगतलं हाय. तवा याल तं चाबी घेऊन या, लिंबू उचला, अन् गाडी नेऊ नका. दिवाळीपर्यंत राहू द्या. यायच्याकडून ते पेलते का नाई ते देव जाने, निंबाले बांधली तवा उभी करतानाच दोनदा आंगावर घेतली, पन म्हनतात का जमन. शिवमले काय सांगाचं ते तुमी सांगा, माय तुमी हा. संध्याकाळी चाक दाखवाचं काम मी करीन. सोमवारी दुपारपर्यंत हो का नाई ते फोन करून कळवा, अन् आवाज तुटू देऊ नका.