तीन नंबरची खिडकी

ता. ४ जुलै

ती. ताईस,

सा. न. घरी सगळे ठीक, मी सोडून.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या आमच्या कार्यालयात दोन नंबरची खिडकी माझी, तीन नंबरची नव्या बाईंची. त्या खिडकी उघडण्याआधी मिनिटभर डोळे मिटून बसतात. विचारलं तर म्हणाल्या, देवाचं काम समजून करते, मग कंटाळा येत नाही. मला एकोणीस वर्षं कंटाळा येतोय. माझी खिडकी मोकळी असली तरी लोक त्यांच्याच रांगेत उभे. उत्कृष्ट कर्मचारी म्हणून यंदा नावही त्यांचंच गेलं. पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू. काल साहेबांकडे निनावी अर्ज टाकला, कामाच्या वेळेत देवधर्म चालतो म्हणून.

तुझा,
धाकटा

ता. ११ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, सोबत एक धपाटा.

लहानपणी माझ्या पेल्यात दूध जास्त म्हणून तू दोन्ही पेले शेजारी ठेवून बघायचास. पन्नाशी आली, खोड गेली नाही. तिची भक्ती खुपते की रांग, ते आधी ठरव. मी जन्मभर नर्स होते. देव मानणाऱ्या कामचुकार पाहिल्या, न मानणाऱ्या मरमर राबणाऱ्याही पाहिल्या. अर्ज मागे घे. राग मानू नकोस, मानलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र यायला उशीर झाला. तोवर साहेबांनी बाईंना समज दिली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या बाहेर सायकलींच्या रांगेशी उभ्या राहून डोळे मिटायला लागल्या. येणारेजाणारे थांबून बघायचे. तीन दिवस मी खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी बाहेर गेलो आणि सांगितलं, अर्ज माझा होता.

त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. एकही काना-मात्रा न चुकलेला अर्ज इथे दुसरं कोण लिहिणार. मला हसावं की मरावं कळेना. साहेबांना मीच सांगतो म्हटलं, आणि सांगितलंही. माझी बदली आता अभिलेखाच्या खोलीत झाली आहे.

निघताना बाई म्हणाल्या, त्यांना माझाच हेवा वाटायचा. बऱ्याच सकाळी त्यांना कामावर यावंसंच वाटत नाही, म्हणून ते बळ देवाकडे मागून घ्यावं लागतं. मी मात्र कुणाकडे काही न मागता एकोणीस वर्षं वेळेवर येतोय.

ताई, माझाही कुणी हेवा करावा असं काही माझ्यात होतं. आणि मी इतकी वर्षं शेजारच्या खिडकीकडे बघत बसलो.

माया आहेच, थोडी वाढव.

तुझा,
धाकटा