डिस्कच्या चुका आणि केतकीचा खोकला

रविवार, ८ ऑक्टोबर १९८९

अहो,

तुम्ही शेतावरून याल तेव्हा मी घरी नसेन. दवाखान्याची जीप आली होती, तिच्यातून गेले. केतकी आईंजवळ झोपली आहे.

आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काल पार बंद पडली. तिच्यावरून फ्लॉपीवर कॉपी करताना अधूनमधून चूक यायची, परत केलं की जमायचं. "एखादी चूक येतेच मॅडम, पुन्हा बटन दाबा," म्हणून मेकॅनिक हसला होता. तुम्हीही हसलात. मी मात्र केतकीचा ताप लिहायच्या वहीतच त्या चुका लिहीत गेले. पहिल्या आठवड्यात एक, मग तीन, मग अकरा. एखाद्या चुकीला मीही घाबरले नसते. वाढत होत्या म्हणून घाबरले. रोज जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं फ्लॉपीवर उतरवलं. लसीच्या यादीतल्या बाराशे लेकरांपैकी एकाचंही नाव गेलं नाही. आज नवी डिस्क बसते आहे आणि मोठ्या डॉक्टरांनी मलाच बोलावलंय, वहीसकट.

म्हणून केतकीचा खोकला आज तुम्ही कॅलेंडरच्या मागे लिहा. सकाळपासून दोनदा आला. एखाददुसरा आला तर धावपळ करू नका. वाढत गेला तर लगेच घेऊन या, मी तिथेच आहे.

आई मला म्हणतात ना, "काऊन इतकं मोजून राह्यली वं, काळजीचं पोतं हायस तू." त्यांना सांगा, पोतं आज जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेलं.

ललिता