पंपवाल्यांची वाट

ब्लॅकडीन, ४ मार्च २०१९

चि. सौ. कर्स्टीस,
अ. उ. आ. आशीर्वादावर व्हेंटिलेटर चालत नाही हे मलाही कळतं, तरी पाठवतोय, घे.

फोन बंद ठेवलास ते बरं केलंस. खटल्याचं कुठून तरी कळून अनोळखी माणसांनी ऊठसूट सल्ले नाहीतर शिव्या पाठवायच्या, हा काय प्रकार! म्हणून पोस्टानेच लिहितो. तुमचं इस्पितळ वीस मैलांवर, तेव्हा उद्या मिळेल.

हेटीचं यंत्र थांबवायची परवानगी डॉक्टरांनी कोर्टाकडे मागायची आणि आईबापांनी तिथे वकील देऊन भांडायचं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही. मेंदूचा आजार आहे, बरा होणार नाही, सगळं कबूल. पण तीन वर्षांची ती पोर आहे कुणाची? वर कोर्टाच्या कागदांत तिचं नावसुद्धा नाही, नुसतं एक अक्षर! काल क्लबात याच्यावरच बोलणं झालं. नॉर्मन म्हणाला, चौऱ्याऐंशीच्या संपात आपण वर्षभर खाणीचं फाटक अडवलं, मग इस्पितळाचं का नाही? तर गुरुवारी सकाळी आम्ही बारा म्हातारे युनियनचा मोठा झेंडा घेऊन तिथे उभे राहणार आहोत. तू काळजी करू नकोस, आम्हाला सवय आहे.

जावईबापूंना सांग, रविवारी आपलं वाटाण्याच्या डाळीचं पिठलं आणि हॅम आणतो. इस्पितळाच्या उकडलेल्या बटाट्यांवर डेलने किती दिवस काढायचे? माझ्या लीकच्या कांद्यांची रोपं खिडकीत ठेवली आहेत. हेटीच्या करंगळीएवढी झाली.

लोभ आहेच, तो वाढेल असं काहीतरी करून दाखवतो.
तुझा बाप,
विल्फ


इस्पितळ, वॉर्ड चार, ८ मार्च

ति. बाबांस,
सा. न. साष्टांग घालायला इथे दोन खाटांमध्ये जागा नाही, आणि आज मनही नाही.

दाखवलंत करून! काल सकाळी सात वाजता फाटकातून आत येणाऱ्या एका बाईच्या अंगावर तुम्ही सगळे ‘संपफोडी, संपफोडी’ म्हणून ओरडलात. एक जण तिच्या पायाशी थुंकला म्हणे. बाबा, ती सिस्टर मोराग होती. चार महिने हेटीच्या नळ्या साफ करते, तिला कूस बदलून देते, तिच्याशी गप्पा मारते. काल ती वर आली, हात धुतले आणि हेटीच्या दोन वेण्या घातल्या. फाटकावरचं मला दुसऱ्या नर्सकडून कळलं. मी तिच्यासमोर मान वर करू शकले नाही.

त्यात इस्पितळाने तुम्हाला आत यायला बंदी केली आहे. म्हणजे रविवारी तुम्ही नाही, पिठलंही नाही. डेल पिठल्यासाठी हळहळतोय, मी तुमच्यासाठी.

लहानपणी तुम्ही मला संपाच्या गोष्टी सांगायचात. मी दर वेळी विचारायचे, कुणालाच आत सोडलं नाही का? आणि तुम्ही म्हणायचात, पंपावरच्या माणसांना सोडलं. ते आले की आरोळ्या बंद, रांग बाजूला, टोपीला हात. कारण भांडण कितीही मोठं असो, पाणी उपसलं नाही तर खाणच बुडेल, मग भांडायचं कशासाठी? हे तुम्हीच शिकवलंत ना? मोराग आमची पंपवाली आहे, बाबा. तुम्ही तुमचाच नियम मोडलात.

कोर्टात सोमवारपासून सुनावणी आहे. मला भीती वाटते, आणि तुम्ही जवळ नाही याचा राग येतो.

राग ओसरला की खाली लोभ तसाच सापडेल.
तुमची कर्स्टी


ब्लॅकडीन, ११ मार्च

चि. कर्स्टीस,
आज आशीर्वाद द्यायचं तोंड नाही, तरी बापाची सवय म्हणून अ. आ.

तुझं पत्र मी क्लबात उभं राहून मोठ्याने वाचलं. पंपवाल्यांचं आलं तेव्हा कुणी ग्लासला हात लावला नाही. थुंकणारा नॉर्मन होता. तो उठून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा डोळे पुसत होता. सोबत मोरागबाईंसाठी बारा जणांच्या सह्यांची माफी आहे. पहिली सही माझी. शब्द वेडेवाकडे आहेत, ते त्यांनी चालवून घ्यावेत.

आता एक सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. त्र्याण्णव साली खाण बंद झाली तेव्हा पंप थांबवायच्या पाळीवर मीच होतो. निर्णय लंडनच्या साहेबांचा, आम्हाला कुणी विचारलं नाही. तो चूक होता असं मी आजही म्हणतो. पण बाहेरची माणसं येऊन बटण दाबणार होती, ते आम्ही होऊ दिलं नाही. आम्ही सांगितलं, थांबवायचेच असतील तर आमच्यासमोर, आमच्या वेळेला. आम्ही टोप्या काढून उभे राहिलो. त्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं नीट झोपलो.

पोरी, तू भांड. शेवटपर्यंत भांड, मी मागे आहे. पण निकाल उलटा गेलाच तर हात झटकून बाहेर पडू नकोस. उरलेलं मागून घे. कुठे, कधी, कुणाच्या मांडीवर. ते तरी तुमचं असू दे.

लोभ कमी झाला असेल तर माझ्याकडून उसना घे, भरपूर आहे.
बाबा


इस्पितळ, २२ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि. आणि विशेष तेच, ज्याची भीती होती.

निकाल आपल्या विरुद्ध गेला. यंत्र थांबवता येईल असं कोर्टाने सांगितलं. न्यायाधीशबाई आदल्या दिवशी स्वतः वॉर्डात येऊन हेटीजवळ अर्धा तास बसल्या होत्या. तिचे मोजे कुणी विणले असंही विचारलं. निकाल वाचताना म्हणाल्या, या मुलीवर आईबापांइतकं प्रेम इथे कुणाचं नाही, तरीही तिला होणारा त्रास मला तिच्या बाजूने पाहावा लागतो. डेल उठून बाहेर गेला. मला अजूनही पटलेलं नाही, बाबा, आणि पटेल असं वाटत नाही. मी तिची आई आहे.

पण तुमचं पत्र पर्समध्ये होतं. मी वकिलांचा कोट ओढला आणि म्हटलं, घर मागा, जे व्हायचं ते घरी होऊ दे. इस्पितळाच्या वकिलांनी अडचणी काढल्या: घरी औषधं कोण देणार, श्वास अडकला तर कोण बघणार, कुणीतरी जाणती नर्स तिथे राहायला हवी. तेव्हा मागच्या बाकावरून मोराग उठली आणि म्हणाली की ती राहील. रजा काढून राहील. बाबा, तुमची माफी तिने औषधांच्या कपाटाला आतून चिकटवली आहे.

तर मंगळवारी आम्ही ब्लॅकडीनला, आपल्या घरी येतोय. यंत्र समोरच्या खोलीत, सकाळी दहाला काढायचं, जेव्हा खिडकीत ऊन असतं. वेळ मी निवडली. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर फार तर तासभर. सोफा हलवून ठेवा, लीकची रोपंही हलवा, आणि कृपा करून कुणी ओरडू नका.

लोभ घेऊन दारात उभे राहा.
तुमची कर्स्टी


ब्लॅकडीन, ६ एप्रिल

श्रीमती मोरागबाईंस,
स. न. वि. वि. तुम्ही दोन दिवस घरी गेलात, तर पोरींनी फर्मान काढलं की आजोबांनी तुम्हाला रोजची बातमी लिहायची. पोरी म्हणजे कर्स्टी आणि हेटी.

बातमी अशी, की आज अकरा दिवस झाले. तासभर म्हणाले होते! श्वास बारीक आहे, पण तिचा स्वतःचा आहे. चार महिन्यांनी तिचं तोंड नळीशिवाय दिसतंय, तर हनुवटी माझ्यावर गेली आहे हे सिद्ध झालं. डेल नाकारतो. शेवट टळलेला नाही हे तुम्ही आम्हाला समजावलंत, आणि आम्हाला ते समजलंय. पण कर्स्टी काल तिला कुशीत घेऊन दुपारभर झोपली. नोव्हेंबरपासून ती आडवी होऊन झोपली नव्हती.

एक तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या मंगळवारी तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं होती, झेंडा होता, आणि तुम्ही क्षणभर थबकलात. मी पाहिलं. आम्ही बाजूला झालो आणि टोपीला हात लावला, तो पंपवाल्यांना लावायचो तसा. कर्स्टीने तुम्हाला अर्थ सांगितला असेलच.

आमच्यात कुणी गेलं की झेंड्यावर काळं कापड बांधतात. नॉर्मन ते त्या दिवशी घडी करून घेऊन आला होता. मी त्याच्या हातातून काढून खिशात घातलं आणि सांगितलं, पोर घरी येतेय, आज नुसता झेंडा धर. बांधावं लागेल तेव्हा मीच बांधीन.

ते कापड अजून माझ्या खिशात आहे. सोमवारी या, पिठलं करून ठेवतो.

लोभ करावा असं आम्ही वागलो नव्हतो, तरी तुम्ही केलात. तो राहू द्यावा.
आपला,
विल्फ, हेटीचा आजोबा